न केलेल्या कर्माचे फळ

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापांची शरीरावर उमटणारी चिन्हे सांगताना सुरापान करणाऱ्याला काळे दात येतात असे म्हटले असून, ‘कर्मविपाक’ म्हणजे कर्म पिकून त्याचे फळ भोगावे लागणे हा विचार पुढील ग्रंथांनी बराच विस्तारला. तीन वर्षांच्या मुलाचे पुढचे चार दात हिरडीपर्यंत काळे पडून झिजलेले दिसतात, तेव्हा या विचाराची कसोटी लागते, कारण ज्याच्या तोंडात हे फळ दिसते त्याला अजून धड चूळही भरता येत नसते.

वैद्यकाने वेगळी वाट धरली. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘दैव’ म्हणजे मागील देहाने केलेले कर्म आणि ‘पुरुषकार’ म्हणजे या देहाने केलेला प्रयत्न असा भेद करून, दोहोंपैकी जे बलवान ते दुसऱ्याला हटवते असे सांगितले आहे. आयुष्य सर्वस्वी ठरलेलेच असते तर औषधोपचार कशाला, असा रोकडा प्रश्नही तेथे आहे. प्रौढाला हे पटते, पण मुलापाशी येऊन अडते, कारण चरकाच्या मांडणीत दैव व पुरुषकार यांचा कर्ता एकच आहे, आणि दुधाच्या दातांबाबत प्रयत्न एकाने करायचा व ठणका दुसऱ्याने सोसायचा असतो.

पापलेटसाठी नावाजलेल्या सातपाटीसारख्या कोळ्यांच्या गावात, जेथे पुरुष समुद्रावर आणि बाई मासळी घेऊन बाजारात, तेथे आजीपाशी राहिलेल्या मुलाच्या हाती रडे थांबवण्यासाठी बिस्किट येते आणि रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात तशीच राहून त्याचा डोळा लागतो. झोपेत लाळ कमी सुटते, दातांवरच्या थरातील जंतू साखरेचे आम्ल करतात, आणि हे आम्ल दाताच्या कवचातील खनिज विरघळवते. सुश्रुताने या रोगाला ‘कृमिदंतक’ म्हटले व मराठीतही दात ‘किडतो’. किड्याची ही कल्पना सोडून आम्लाची उपपत्ती विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये ग्रंथरूपाने मांडली. नारळी पौर्णिमेच्या नारळीभाताला मात्र येथे उगाच दोष देऊ नये. वर्षातून एकदा पोटभर खाल्लेल्या गोडापेक्षा रोज घडोघडी चघळलेले थोडे गोड दातांना अधिक बाधते.

आणखी एक गोष्ट धर्मविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. धर्मशास्त्राने ‘उच्छिष्ट’ म्हणजे उष्टे निषिद्ध मानले, पण माया हा निषेध जुमानत नाही. मासळीचा घास काटा राहिला का हे आपल्या जिभेवर चाचपून बाळाला भरवला जातो, आणि आम्ल करणारे जंतू बहुधा अशाच लाळेतून आईकडून मुलाकडे जातात. पाप नाही, हयगयही नाही, तरी फळ आहे.

न्यायदर्शनात ‘अकृताभ्यागम’ नावाचा दोष सांगितला आहे. न केलेल्या कर्माचे फळ पदरी येणे हा त्याचा अर्थ, आणि असा अन्याय मानावा लागू नये म्हणून तेथे पूर्वकर्म स्वीकारले जाते. किडलेल्या दुधाच्या दाताला इतके लांबचे कारण शोधावे लागत नाही. येथे कर्ता व भोक्ता उघडपणे भिन्न आहेत, म्हणून मुलाचे पूर्वकर्म काढणे हे मोठ्यांना सोयीचे असले तरी तर्काला धरून नाही. आणि मोठ्यांतही सारा भार एकट्या आईवर टाकणे न्याय्य नाही, कारण ती बाजारात असते तेव्हा पुरुषकार घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी असावा लागतो.

तो पुरुषकार आकाराने फारच लहान आहे: पहिला दात दिसल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी आणि तिसऱ्या वर्षानंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट, झोपण्यापूर्वी मोठ्याने स्वतःच्या हाताने घासलेले दात, आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात दाढांच्या मागच्या टोकापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि नेमकी तेथेच, सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता पक्की दाढ उगवते, जिला घरातले सगळे दुधाचीच समजतात.