नादारीच्या काळातील नवा कागद



तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, हे आपण विहारात ऐकत आलो आहोत. कष्टाचे धन जवळ असणे, त्याचा उपभोग घेता येणे, कोणाचे लहानमोठे काहीही देणे नसणे आणि वर्तन निर्दोष असणे, अशी ती चार सुखे होत. यांतील तिसऱ्या सुखाबद्दल, म्हणजे अनणसुखाबद्दल, आपल्या वस्त्यांतून फार कमी बोलले जाते. ज्याच्या दारात वसुलीचा माणूस सकाळ-संध्याकाळ उभा राहतो, त्याला हा विषयच नको वाटतो. आज मला त्याच घराशी बोलायचे आहे.

समजा, आजारपण निघाले, कारखाना बंद पडला, कर्जावर कर्ज चढले आणि शेवटी तुम्ही कोर्टात नादारीचा अर्ज केला. मुंबई शहराला १९०९ चा नादारी कायदा आहे, बाहेर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. कोर्टाने तुम्हांला नादार ठरविले. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे असे मोजके सोडून बाकीची मालमत्ता रिसीव्हरकडे गेली. आता मुक्ततेचा हुकूम होईपर्यंत वाट पाहायची. याच दिवसांत एखादा धनको दिवेलागणीला घरी येतो.

तो म्हणतो, "बाकीच्यांचे काय व्हायचे ते होऊ दे. माझा तेवढा नवा कागद करून दे." आणि पुढे म्हणतो, "तुम्ही आता बुद्धाचे लोक. खरे बोलणारे ना?" हा टोला काळजाला लागतो. नव्याने धम्मात आलेल्या माणसाला आपल्या नावाला बट्टा लागू नये असे फार वाटते. म्हणून तो सही करतो, आणि आपण सचोटीने वागलो असे समजतो.

पण त्या कागदावर काय लिहिलेले असते ते पाहा. 'आज रोजी रोख रक्कम मिळाली.' प्रत्यक्षात एक पैसाही हातात आलेला नसतो. मागचे व्याज मुदलात मुरवून तो आकडा घातलेला असतो. अशा कागदावर सही करणे म्हणजे चौथे शील स्वतःच्या हाताने मोडणे नव्हे काय? ज्या शिलाच्या नावाने त्याने तुम्हांला लाजविले, तेच शील तो मोडायला लावतो. शिवाय नादार ठरल्यानंतर केलेले नवे कर्ज मुक्ततेच्या हुकुमाने सुटत नाही. म्हणजे इतरांच्या देण्यातून तुम्ही मोकळे व्हाल आणि याचे तेवढे गळ्यात राहील. नादार असल्याचे न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक उधार घेणे हा तर १९२० च्या कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. तुमचे देणे एकट्या सावकाराचे नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याचे आहे, पतपेढीचे आहे, शेजारच्या विधवा बाईने दिलेले हातउसने आहे. तिच्याकडे धमकावणारी माणसे नाहीत, म्हणून तिचे बुडवायचे काय? रिसीव्हरकडे जे जमले त्यात सर्वांचा वाटा आहे. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप दिले असेल तर कायदा तो व्यवहार रद्द ठरवू शकतो. (वस्तू तारण ठेवली असेल तर तिच्यावरचा धनकोचा हक्क निराळा, त्याबद्दल वकिलालाच विचारावे.)

आता कोणी विचारील, कर्ज काढायचे आणि कोर्टाच्या आडोशाला बसायचे, हे धम्माला मान्य आहे काय? प्रश्न रास्त आहे. एक कर्जदार देणे चुकवून संघात शिरला तेव्हा लोकांनी कुरकुर केली, आणि ऋणकोला प्रव्रज्या देऊ नये असा नियम तथागतांनी घातला. आजही उपसंपदेच्या वेळी ऋणमुक्त आहेस काय असे विचारले जाते. चीवराच्या आड देणे लपविता येत नाही. पण तो ऋणको पळाला होता. नादार माणूस आपला सगळा हिशेब घेऊन सर्व धनकोंसमोर उभा राहतो. यात फरक आहे, मात्र तो हिशेब खरा असेल तरच. एखादे भांडे, एखादा दागिना मेहुण्याकडे लपवून ठेवला की हा फरक संपला.

कोर्टही डोळे मिटून मोकळे करीत नाही. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर ते तुमच्या दोषामुळे नाही हे पटवावे लागते. सट्टा, जुगार, ऐपतीबाहेरची उधळपट्टी यांमुळे ही पाळी आली काय, हेही पाहिले जाते. सिगालाला सांगितलेल्या धननाशाच्या वाटांत जुगार आहेच, आणि मद्यही आहे. बारशाला मंडप आणि बँड लावणाऱ्या आपल्या बांधवांनी यावर थोडा विचार करावा.

फसवणुकीने घेतलेले देणे सुटत नाही. पोटगीचा हुकूम सुटत नाही. आणि तुमच्यासाठी जामीन राहिलेला भाऊ तर मुळीच सुटत नाही. तुम्ही मोकळे झालात तरी धनको त्याच्या दारात जातो. तुम्हांला ऋणाची खरी लाज वाटत असेल तर ती त्या भावापुढे वाटू द्या. मुक्ततेनंतर मिळवाल त्यातून त्याची भरपाई करा, हातउसने देणाऱ्या त्या बाईचे फेडा. कायदा आड येत नाही. ते देणे भीतीचे नसते, तुमच्या चेतनेचे असते.

तोपर्यंत दारात आलेल्याला पाणी द्या, नम्रपणे बसवा आणि सांगा, "दादा, तुमचे येणे मी कोर्टापुढे मान्य केले आहे. तुमचा दावा रिसीव्हरकडे नोंदवा." तो परवान्याशिवाय सावकारी करीत असेल तर २०१४ च्या राज्य कायद्याने तोच गुन्हेगार ठरतो, हे ध्यानात असू द्या. घरातल्या बाईला हे सर्व आधी सांगून ठेवा. नवरा कामावर गेला असता तिच्याकडून अंगठा घेतला जातो. आणि मुक्ततेच्या अर्जासाठी कोर्टाने जी मुदत दिली असेल ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवा. ती चुकली तर नादारीचा निवाडाच रद्द होतो.