आडनावाचे देणेकरी

माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर सहा पाटील आहेत. नुसते ‘पाटील!’ म्हटले की सहा माना वर होतात. गेल्या हिवाळ्यात सहलीला अजिंठ्यास गेलो, तेव्हा त्या सहाही माना एकदम खाली गेल्या. वाटेवरच्या एका दगडावर कोणीतरी खडूने ठळक ‘पाटील’ लिहून ठेवले होते.

“कुठला पाटील?” मी विचारले. कोणी बोलेना. अखेर एकजण पुटपुटला, “गुरुजी, मी नाही लिहिलं. पण लाज मलाच वाटतेय.”

ज्याने लिहिले नाही, त्याने का लाजावे? हा प्रश्न घेऊनच मी दहाव्या लेण्यात शिरलो. तेथील एका खांबावर, चित्राच्या अंगावरच, जॉन स्मिथ या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपले नाव कोरले आहे. तेव्हा तळाशी माती-दगड साचले होते. त्यावर तो उभा राहिला. म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते.

स्मिथ हे इंग्लंडातले अगदी सरसकट आढळणारे आडनाव. १७७६ साली ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ लिहिणारा ॲडम स्मिथ त्याच आडनावाचा. भारताचा प्राचीन इतिहास लिहिणारा व्हिन्सेंट स्मिथही त्याच आडनावाचा. ॲडमची विद्वत्ता जॉनच्या पदरी पडत नाही आणि जॉनच्या ओरखड्याचा दोष व्हिन्सेंटला लागत नाही. मग आडनावाचे नाते खोटेच म्हणायचे?

तसेही म्हणवत नाही. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतले. पुढे गायिल्या लताबाई, आणि मान ताठ झाली त्या लहानशा गावाची! न गाता गावाने अभिमान घ्यावा, हे आपल्याला गोड वाटते. मग न लिहिता पोराला लाज वाटली, तर त्यात नवल ते काय?

याच लेण्याच्या दर्शनी भागावर दुसरेही एक नाव आहे. वासिष्ठीपुत्र कटहादी याने हे दर्शनी काम दान दिले, असे तो लेख सांगतो. आडनावाच्या जागी आईचे नाव! सातवाहनांचा राजा पुळुमावीही वासिष्ठीपुत्रच. पण कटहादीने नावापुढे आपले दान लिहिले. स्मिथने नुसते येणे लिहिले.

आणि गंमत पाहा, स्मिथ म्हणजे लोहार! हा कातळ ज्या छिन्न्यांनी फोडला, त्या घडविणाऱ्या, त्यांना पाणी देणाऱ्या, धार लावणाऱ्या लोहारांपैकी एकाचेही नाव येथे नाही. त्यांच्या धंद्याचे नाव परक्या भाषेत खांबावर चढले, तेही ज्याने कधी ऐरण पाहिली असेल की नाही, अशाच्या हातून.

मला वाटते, दोष ज्याचा त्याचाच. तो आडनावात वाटून देणे हा अन्याय. पण अभिमानाचा वाटा ज्याला हवा, त्याने पुसण्याच्या कामातला वाटा नाकारू नये.

परतताना पाहतो, तर सहाही पाटील ओले रुमाल घेऊन त्या दगडाशी वाकले होते. लिहिणारा कोण, हे मी पुन्हा विचारले नाही.