मिरपुडीच्या डबीतलं प्रायश्चित्त

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. बेटाच्या दक्षिण अंगाला सेंट कॅथरिन्स डाउन ही गवताळ टेकडी, दोनशे मीटरहून उंच. माथ्यावर एक अष्टकोनी दगडी मनोरा उभा आहे. गावकरी त्याला ‘पेपरपॉट’ म्हणतात, म्हणजे मिरपुडीची डबी. आज लोक धापा टाकत वर येतात ते समुद्र डोळे भरून पाहण्यासाठी. हा मनोरा उभारला गेला तो मात्र समुद्रावरच्या माणसांना दिसावा म्हणून.

१३१३ साली बायोन बंदराचं एक जहाज खाली चेलच्या किनाऱ्यावर फुटलं. जहाजात द्राक्षमद्याची पिंपं होती आणि माल होता एका ख्रिस्ती मठाचा. यातली बरीच पिंपं वॉल्टर द गोडेटन या स्थानिक जमीनदाराच्या घरी पोचली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि धर्मपीठापर्यंतही. मठाचा माल लुटल्याबद्दल चर्चनं त्याला बहिष्काराची धमकी दिली आणि प्रायश्चित्त सांगितलं, अशी हकीकत आहे. त्यानं टेकडीवर दीपस्तंभ बांधायचा, शेजारी प्रार्थनाघर उभारायचं आणि एक पाद्री नेमायचा. पाद्र्यानं रात्री आग तेवत ठेवायची आणि दर्यावरच्या जिवांसाठी प्रार्थना करायची. १३२८ मध्ये मनोरा उभा राहिला. इंग्लंडमध्ये शिल्लक असलेला मध्ययुगीन दीपस्तंभ हा एवढाच.

धमकी देऊन करवून घेतलेलं प्रायश्चित्त खरं म्हणायचं का?

आपल्या धर्मशास्त्राला हा प्रश्न परका नाही. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन भाग आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. नकळत घडलेलं पाप प्रायश्चित्तानं नाहीसं होतं, असं याज्ञवल्क्य म्हणतो. जाणूनबुजून पाप करणाऱ्याबद्दल तो फार जपून बोलतो. असा माणूस प्रायश्चित्तानंतर व्यवहार्य होतो, म्हणजे चार लोकांत पुन्हा त्याच्याशी व्यवहार करता येतो. गोडेटनला नेमकं हेच हवं होतं. बहिष्काराची भीती म्हणजे चार लोकांतून उठण्याचीच भीती. मनुस्मृती मात्र पापातून सुटण्याच्या वाटांमध्ये अनुतापही मोजते, आणि अनुताप कुणाला हुकमानं आणता येत नाही.

ख्रिस्ती पंडितांनीही यावर शतकानुशतकं डोकं खपवलं. देवावरच्या प्रेमातून येणारा पश्चात्ताप वेगळा आणि नरकाच्या भयातून येणारा वेगळा, असा भेद त्यांनी केला. १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं भयातून आलेल्या पश्चात्तापालाही मोल दिलं: तो अपुरा खरा, पण कृपेच्या वाटेवर नेणारा. हा निर्णय माणसाच्या दुबळेपणाची कदर करणारा आहे. सगळेच प्रेमानं सुधारत नाहीत, काही जण आधी घाबरतात.

पण गोडेटनच्या मनात काय होतं यापेक्षा मोठी गोष्ट त्या पाद्र्याची आहे. मनोरा बांधायचा तो एकदाच. आग मात्र रोज रात्री पेटवावी लागते. वाऱ्यापावसात त्या उघड्या माथ्यावर जळण चढवायचं ते दुसऱ्याच्या पापासाठी. पुढे सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या काळात मठ-देवळं बंद पडली, तसं हे प्रार्थनाघरही गेलं. तोवर किती पाद्र्यांनी, ज्यांनी चोरी केली नव्हती त्यांनी, ही आग राखली असेल!

आणि इथे एक चटका लावणारी गोष्ट आहे. टेकडी इतकी उंच, की धुकं वारंवार माथ्यावर बसतं. खलाशाला दिव्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच रात्री तो दिसेनासा होतो. १७८५ मध्ये शेजारीच नवा दीपस्तंभ बांधायला घेतला, तो याच धुक्यापायी अर्धवट सोडावा लागला. १८३६ मध्ये क्लॅरेंडन हे जहाज याच किनाऱ्यावर फुटलं, तेव्हा कुठे खाली समुद्राजवळ नवा दीपस्तंभ झाला. १८४० मध्ये तो पेटला. तोही धुक्यात हरवू लागला, म्हणून १८७५ मध्ये त्याची उंची कमी करावी लागली.

धुक्याच्या रात्री आग कुणाला दिसत नसे, तेव्हा पाद्र्याच्या कामातलं दुसरं अंग तेवढं उरे: प्रार्थना. ज्यांच्यासाठी ती होती त्यांना तिचा पत्ताही नसे. त्या रात्री त्यानं जळण वाचवलं असतं तर त्याला कुणी जाब विचारला नसता. तरीही आग पेटवणं हे त्याचं व्रत होतं.

अठराव्या शतकात मनोरा ढासळू नये म्हणून त्याला चार भक्कम टेकू दिले गेले. त्यांच्यामुळे आज तो उड्डाणाच्या तयारीतल्या अग्निबाणासारखा दिसतो. हवा स्वच्छ असेल तर टेकूंपाशी उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की चेलचा उपसागर दिसतो. १३१३ साली मद्याची ती पिंपं लागली, तोच हा किनारा.