फुटकी नानकटाई

आमचे कोहमारा म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्गावरचा, गोंदियाकडे वळणारा फाटा. इथे पाहुणा येतो तो बस चुकली म्हणून. तेव्हा डब्यात घरची नानकटाई हवीच. दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर आणि मंद आच. तरी काही फुटतातच. सबंध पाहुण्याला, फुटक्या घरच्यांना, हा आमचा अतिथीधर्म! त्यातही चुरा हिच्या वाट्याला. वर म्हणते, ‘मला बाई फुटकीच आवडते!’

हे पाप की पुण्य? अर्ध्या खोट्यापायी धर्मराजाचा चार बोटे वर चालणारा रथ जमिनीला टेकला. हिचा अजून वरच असणार. प्रश्न तिच्या बोलण्याचा नाहीच. ते सोयीने खरे मानणाऱ्यांचा आहे. डब्यात शेवटची सबंध उरली, की ती कुणाच्या बशीत जाते ते बघा!