बियाण्याची चवळी खावी काय?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील साखरशेत, अथवा तेथल्याच कोणत्याही पाड्यावरील एक घर वाचकांनी मनापुढे आणावे. ज्येष्ठ सरत आला आहे. वीटभट्टीवर गेलेली माणसे परतली आहेत, आणि नागलीची कणगी रिकामी आहे. कुडाला टांगलेल्या तुंब्यात राखेत घोळलेली शेर-दीड शेर चवळी तेवढी उरली आहे, ती बियाण्याची. मूल भुकेने रडत आहे. ही चवळी शिजवावी की राखावी? प्रश्न घरगुती दिसतो. परंतु विद्वान लोक ज्यास कृषी जैवविविधता म्हणतात, तिचा पुष्कळसा भार अखेर ह्या तुंब्यावर येऊन पडतो, असे आम्हांस वाटते.

चवळी मूळची आफ्रिकेतील. आपल्या देशात ती फार प्राचीन काळी आली. तिची शेंग भाजीस, दाणा उसळीस, पाला गुरांस उपयोगी पडतो. मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात, आणि दाण्यात शेकडा २२ ते २५ भाग प्रथिने असतात. तिचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते, म्हणून घरचे बी पिढ्यानुपिढ्या आपला गुण सोडीत नाही. तथापि ते पेरीत राहिले पाहिजे. काही पावसाळे पडून राहिले की उगवण जाते, आणि भुंगा लागला तर एका उन्हाळ्यातच दाण्याचे पीठ होते.

ह्या भुंग्याचीच गोष्ट पाहा. नायजेरियातील इबादान येथे एक आंतरराष्ट्रीय कृषिसंस्था आहे. तिच्या भांडारात चवळीचे १५,००० हून अधिक नमुने राखिले आहेत. सन १९७० नंतरच्या दशकात तेथे हजारो नमुने तपासण्यात आले, तेव्हा भुंग्यास दाद न देणारे वाण अगदी मोजके निघाले. त्यांत एक नायजेरियातीलच देशी वाण होते. बोत्स्वानातील दुसऱ्या एका देशी वाणाने टारफुल्याच्या जातीच्या, मुळांवर जगणाऱ्या तणास तोंड दिले. हे गुण कोणा पंडिताने घडविले नव्हते. कोणा शेतकरणीने ते वाण दरसाल पेरिले, एवढेच. त्यात काय दडले आहे, हे तिला ठाऊकही नसेल.

म्हणून काही सज्जन म्हणतात, बियाणे प्राणापलीकडे जपावे. ते लेनिनग्राडचा दाखला देतात. सन १९४१ ते १९४४ पर्यंत त्या शहरास शत्रूचा वेढा पडला असता, निकोलाय वाविलोव यांनी जमविलेल्या बीजसंग्रहाचे राखणदार उपाशी मेले. भाताच्या वाणांचे रक्षक दिमित्री इवानोव तांदळाच्या पुड्यांजवळच मरण पावले. पुड्या फुटल्या नाहीत. खुद्द वाविलोव सन १९४३ मध्ये आपल्याच सरकारच्या तुरुंगात वारले. त्या माणसांपुढे आम्ही मस्तक नमवितो.

परंतु त्यांनी स्वतःचा घास सोडिला होता. साखरशेतच्या आईस आपल्या लेकराचा घास सोडावा लागेल. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके सन १९९२ मध्ये कुपोषणाने कशी गेली, हे ह्या मुलखात कोणी विसरलेले नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या उपासावर जगाचे बियाणे राखण्याचा उपदेश करणे आम्हांस धर्म वाटत नाही. विशेषतः उपदेश करणारा जेवून आलेला असेल तर.

मग बी जाऊ द्यावे काय? तेही नव्हे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली ‘कोकण सदाबहार’ चवळी कोणी पेरिली तर आमचे भांडण नाही. पण नवे वाणही जुन्या बियाण्यांतूनच निवडून काढावे लागते. सन २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावाने मात्र विकता येत नाही. हक्क मिळाला खरा, पण आषाढातील भूक कायद्याने भागत नाही.

जव्हार भागात बायफ संस्थेच्या साह्याने लोकांनीच चालविलेल्या बियाणे बँका उभ्या राहिल्या. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांस अशाच कामाबद्दल सन २०२० ची पद्मश्री मिळाली. अशा बँकेतून नेलेले बी सुगीनंतर वाढवून परत करावयाचे असते. तेणेकरून एका घरचा तुंबा रिकामा झाला तरी वाण मरत नाही. येथे आमची एक सूचना आहे. ज्या पाड्यावर बियाण्याची कणगी आहे, तिच्या शेजारी खाण्याची दुसरी कणगी असावी. सुगीत प्रत्येक घराने दोहोंत एकेक मापटे घालावे, आणि ज्यांस जुनी बियाणी टिकावीत असे वाटते, त्या शहरवासी मंडळींनी व सरकारने दुसरी कणगी भरण्यास हात लावावा. भट्टीवर जाणाऱ्यांचे बीही गावातच राहील.

आणि जेथे एवढे अजून झालेले नाही, तेथे त्या आईने चवळी शिजविली तर तिला कोणी बोल लावू नये. साधले तर एक मूठ वगळावी. वेल नीट फळले तर त्या मुठीचे पुन्हा शेरभर बी होण्यास एक-दोन पावसाळे पुरतात.