मुहूर्त आणि मुदत

जोयडा तालुक्यात पाऊस ओसरू लागला आणि गणेशगुडीच्या रस्त्याला पाहुण्यांची पहिली वाहने दिसू लागली की, ज्यांची वर्षाची मिळकत या पाहुण्यांवर अवलंबून असते त्या तरुणांच्या घरी खरेदीच्या गोष्टी निघतात. माझा भाचा काळी व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात पक्षी दाखवण्याचे काम करतो. २०२५ च्या नवरात्रात, सव्वा लाखाहून अधिक किमतीचा मोबाइल दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यावा की थांबावे, हा प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला. तालुका कचेरीत उमेदीची सारी वर्षे कारकुनीत गेलेल्या मला यंत्राचे ज्ञान नाही. परंतु थांबणे म्हणजे काय याचा परिचय त्या दप्तरांनी मला पुष्कळ करून दिला आहे, आणि म्हणून आमचा संवाद येथे नमूद करावासा वाटतो.

भाचा : मामा, सॅमसंगचा एस २५ अल्ट्रा १,२९,९९९ रुपयांना निघाला आणि आयफोन १७ प्रो १,३४,९०० पासून पुढे आहे. सॅमसंगचे चोवीस हप्ते केले तर महिना साडेपाच हजारांच्या आत पडतो. धनेश झाडावर बसलेला असताना त्याचे चित्र टिपून लगेच पाहुण्याच्या हाती द्यायचे, तर जुन्या फोनवर आता भागत नाही.

मी : चोवीस हप्ते म्हणजे त्यांत दोन पावसाळे आले. आषाढ-श्रावणात तुझ्याकडे कुणी फिरकत नाही, हप्ता मात्र तारखेला दारात उभा राहतो. पण पैशाचे मागाहून पाहू. आधी मला एवढे सांग, खंडेनवमीला हा फोन तू दुर्बिणीशेजारी पूजेत मांडणार आहेस, की दसऱ्याला सोने वाटताना चार लोकांच्या नजरेस पडावा म्हणून तो तुला हवा आहे?

भाचा : पूजेत. माझे हत्यार आहे ते.

मी : मग हत्याराला विचारायचे तेच प्रश्न त्याला विचारू. दूरचा पक्षी त्यातून किती जवळ येतो?

भाचा : सॅमसंगमध्ये पाचपट. छायाचित्रकारांच्या हिशेबाने ते साधारण ११५ मिलिमीटरचे भिंग झाले. पाहुणे गळ्यात अडकवून आणतात ती भिंगे ४०० ते ६०० ची असतात. पाचपटीच्या पुढे फोन चित्राचा मधला भाग कापून मोठा करतो आणि उणे राहिलेले आपल्या गणिताने भरतो.

मी : आणि आदल्या वर्षीच्या एस २४ अल्ट्रामध्ये?

भाचा : लांबचे भिंग तेच, पन्नास मेगापिक्सेलचे, पाचपट. नव्यात बदलले ते रुंद देखाव्याचे. सात वर्षांच्या सुधारणांचे आश्वासन तर दोहोंनाही आहे. परंतु मामा, जुना घेतला तर मन म्हणते नवा घ्यावा, आणि नवा घ्यावा तर जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्याही पुढचा येणार! जीएसटी उतरेल म्हणून २२ सप्टेंबरपर्यंत थांबलो. मोठे दूरचित्रवाणी संच २८ टक्क्यांवरून १८ वर आले आणि मोबाइल जागच्या जागी १८ वर राहिला.

मी : येथेच तुझ्या विचारात गाठ पडली आहे. पुढे याहून चांगले येणार आहे, हे कारण आज जितके खरे आहे तितकेच ते पुढच्या वर्षीही आणि त्याच्या पुढच्या वर्षीही खरे राहणार. आणि जे कारण प्रत्येक दिवशी सारख्याच बळाने लागू पडते, त्याच्या आधाराने कोणत्याही एका दिवसाचा निर्णय करता येत नाही. मुहूर्ताचेही तसेच, साडेतीन मुहूर्त दरसाल येतात. निर्णय जर व्हायचाच असेल तर तो अशा कारणावर व्हावा की जे तुझे एकट्याचे आहे आणि आजचेच आहे: तुझा हंगाम कधी उघडतो, जुना फोन नेमका कोणत्या कामात कमी पडतो, गाठीला किती आहे.

भाचा : ते पटते. पण तुम्ही ‘थांब’ म्हणालात की माझ्या मनाला वेगळेच काही लागते. या तालुक्याला थांबण्यावाचून दुसरे काही सांगितले आहे का कुणी? काळी नदी दिग्गीच्या रानात आमच्याकडे उगम पावते, तिच्यावर १०१ मीटर उंचीचे धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, कचेरी जोयड्याला आली, माणसे रामनगरच्या वसाहतीत गेली. शंभर मेगावॅटची वीज तेव्हापासून बाहेर जाते आहे, आणि रानातल्या वाड्यांना मात्र तारेसाठी, रस्त्यासाठी, आता रेंजसाठी थांबा. शहरातला मुलगा दरसाल फोन बदलतो, त्याला कुणी संयम शिकवत नाही.

या बोलण्यावर मी काही वेळ निरुत्तर झालो, कारण त्यात असत्य काहीच नव्हते. ज्या मिसलींवर ‘पुढील हुकूम होईतो’ असा शेरा मारलेला असे, त्या मी स्वतः कपाटात लावून ठेवल्या आहेत. अर्जदार म्हातारा होई, मग वारसाची नोंद होई, आणि मिसल आपल्या जागी पूर्ववत राही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली, तेव्हा ऐन पावसात टेकाडावर पोरे छत्र्या उघडून बसत, एकाच्या फोनभोवती चौघे, आणि मास्तरांचा आवाज एका शब्दाआड एक असा ऐकू येई, हेही मी पाहिले आहे.

मी : तुझे म्हणणे मला मान्य आहे, आणि म्हणूनच दोन थांबण्यांत भेद कर. एका थांबण्याची मुदत दुसऱ्याच्या हाती असते. तेथे संयम हा सद्गुण नव्हे, आणि जो तो तुला शिकवील त्याच्यापासून सावध राहा. दुसऱ्याची मुदत तू स्वतः घालतोस, आणि ती भरली की उठून चालू लागतोस. ते थांबणे दैन्याचे नाही. आपल्या लोकांना हक्कासाठी इतके ताटकळावे लागले आहे की, खरेदीतली चार महिन्यांची सबुरीही त्यांना अपमानासारखी वाटते. हे दुःख समजण्यासारखे आहे, पण त्याचे परिमार्जन सव्वा लाखाच्या वस्तूने होत नाही. बरे, जुना फोन आणखी कशात कमी पडतो?

भाचा : बॅटरी. सकाळी भरून निघालो तरी दुपारी उतरते.

मी : घरी असताना?

भाचा : घरी वायफायवर रात्रीपर्यंत टिकते. रानात रेंज नसली की फोन टॉवर शोधत राहतो, सारे बळ लावून हाका मारत राहतो, आणि त्यातच बॅटरी खर्ची पडते.

मी : नवा फोन त्या रानात हाका मारणार नाही?

भाचा : मारील. विमान-मोडवर टाकला तर जुनाही टिकेल. (थोडे थांबून) पण आयफोनला उपग्रहाची सोय आहे. रानात पाहुण्याचा पाय मोडला, तर टॉवर नसताना निरोप जाऊ शकतो.

मी : आपल्याकडे चालते का ते?

भाचा : नाही. उपग्रहावरून संकटाचा निरोप पाठवण्याची ती सोय भारतात अजून दिलेली नाही.

मी : तर मग पाहुण्याच्या जिवाची चिंता फोनने मिटत नाही, टॉवरने मिटते. २७ सप्टेंबरला बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचे उद्घाटन झाले, ९७,५०० टॉवरांची वार्ता पत्रांत आली. त्यांतला एखादा आपल्या खोऱ्यात आला तर कोणता फोन लागेल?

भाचा : त्यांच्याकडे ७०० मेगाहर्ट्झचे तरंग आहेत, ते लांब जातात, झाडीतून आणि भिंतीतून अधिक आत शिरतात. आपल्या मुलखाला तेच हवेत. ते घेणारा फोन पंधरा-वीस हजारांतही मिळतो.

मी : म्हणजे चित्रासाठी तुला चांगले भिंग हवे, हे खरे, बाकीचे जे तू या फोनकडून मागतोस ते त्याच्याजवळ नाहीच, ते सरकारजवळ आहे.

त्यानंतरचे बोलणे लवकर आटोपले. एस २४ अल्ट्रा दिवाळीच्या विक्रीत घ्यायचा, तोही अर्धी रक्कम रोख देऊन आणि उरलेले हप्ते मे अखेर, म्हणजे पाहुणे आहेत तोवर, फेडून. तेवढ्यात न बसला तर पुढच्या हंगामापर्यंत जुन्याला नवी बॅटरी घालून चालवायचे, आणि पाहुण्यांना चित्र द्यायचे ते दुर्बिणीच्या भिंगाला फोन लावून. ही युक्ती त्याला आधीपासून येत होती. ती हलकी वाटत होती इतकेच. माझ्या मते हा निर्णय योग्य आहे, आणि तो मुहूर्तावर अवलंबून नाही म्हणूनच योग्य आहे.

टॉवरचा अर्ज मात्र मी त्याच रात्री लिहायला घेतला. कोणत्या वाडीत रेंज मिळत नाही, तेथे किती घरे, किती शाळकरी मुले, आजाऱ्याला वाहन बोलावण्यासाठी किती चालावे लागते, हे तपशील भाच्याने सांगितले आणि मी कलमवार मांडले. अरण्याची हद्द आणि वनखात्याची परवानगी यांचे स्वतंत्र कलम घातले, कारण याच कारणाखाली अर्ज परत येतात हे मला ठाऊक आहे. २ ऑक्टोबरला त्या वर्षी दसरा होता, आणि गांधीजयंतीला ग्रामसभा भरवण्याचा रिवाजही आहे. ज्यांच्या गावात रेंज नाही त्यांनी नव्या फोनचा विचार करताना असा एक अर्ज अवश्य लिहावा, ग्रामसभेच्या ठरावात तो दाखल करून घ्यावा, त्यावर उत्तराची मुदत घालून मागावी, आणि पोच घेतल्याशिवाय घरी परतू नये.