नाबोथाचा वारसा व परसातील पालक

शास्त्रभाग: १ राजे २१:१-१६



इज्रेल नगरात अहाब राजाच्या वाड्यालगत नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजास तो भाजीपाल्याच्या बागेसाठी पाहिजे होता. मोबदल्यात अधिक चांगला मळा अथवा रोख दाम देण्यास तो तयार झाला. तथापि नाबोथाने नकार दिला, कारण तो वाडवडिलांचा वारसा होता, आणि भूमी परमेश्वराची असल्यामुळे ती कायमची विकण्याची मोकळीक इस्राएल लोकांस नव्हती (लेवीय २५:२३). पुढे खोटे साक्षीदार उभे राहिले व एका निरपराध मनुष्यास दगडांनी मारण्यात आले. एवढा अनर्थ भाजीच्या वाफ्यासाठी! राजाच्या अंगणात चार वाफ्यांपुरती जागा नव्हती, असे कोण म्हणेल?

कोणी विचारील, आम्हांपैकी पुष्कळांस वाडवडिलांची जमीन मिळालीच नाही. मग नाबोथाची गोष्ट आम्हांस कशाला? प्रियहो, ज्याच्या नावे सातबारा नाही त्याच्याही घरच्या गाडग्यात बी असू शकते. तोही वारसा आहे, आणि तो लेकीसुनांच्या हातून चालत येतो.

आपला देशी पालक घ्या. ज्यास विलायती पालक म्हणतात त्याची जात निराळी. आपल्या पालकाचे सख्य बीटाशी आहे. बीट, साखरेचे बीट, परदेशी लोक आवडीने खातात ते स्विस चार्ड, ही सर्व भावंडे होत. त्यांचा रानटी पूर्वज भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर उगवतो, म्हणून हे कूळ थोडाबहुत खार सोसते. न्हाणीच्या पाण्यावरही पालक वाढतो तो ह्याच गुणामुळे. मात्र साबणाचा फेस वाफ्यात सोडू नये.

आपला बीड जिल्हा पर्जन्यछायेत पडतो. १९७२ सालचा दुष्काळ वडीलधाऱ्यांनी भोगला आहे. तरी पावसाळा सरता सरता परसात एक वाफा शेणखत घालून भुसभुशीत करावा, बी रात्रभर भिजवावे व अर्ध्या पेराएवढे खोल पेरावे. ह्या बियांत एक नवल आहे. आपण जिला एक बी म्हणतो ती वस्तुतः अनेक बियांची गाठ असते. तिच्यातून दोन-तीन रोपे एकदमच वर येतात. ती विरळ करावी. उपटलेली रोपे वाया जात नाहीत, भाजीत जातात. सुमारे महिन्या-सव्वा महिन्याने पाने खुडण्यास येतात.

येथे खुडणाऱ्याच्या हाताकडे लक्ष द्या. बाहेरची पाने घ्यावी, मधला गाभा राखावा. गाभा राहिला म्हणजे झाड पुनः पुनः देत राहते. गाभा ओरबाडला तर एका वेळची भाजी होते आणि वाफा ओस पडतो. अहाबाने नाबोथाचा गाभाच घेतला. मोशेच्या नियमशास्त्रात जात्याची तळी गहाण घेण्यास मनाई आहे (अनुवाद २४:६), कारण ती घेणारा मनुष्याचा जीवच गहाण घेतो. दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि त्यावर उचल दिलेली असते. मंडळीतील जो बंधू मुकादम असेल त्याने ह्या वचनाखाली स्वतःस ठेवावे. फिटेल एवढीच उचल देणे हे पाने खुडणे होय. आजारी बाईस फडावर ओढून नेणे, शिकत्या मुलास शाळेतून काढून कोयत्यास जोडणे, हे गाभा उपटणे होय. रविवारी प्रार्थनेस बसल्याने ते झाकले जात नाही.

आणि मागे कोण राहते? म्हातारी माणसे व लहान लेकरे. त्यांच्या ताटात भाकरीसोबत बहुधा तिखटमीठच असते. जे घर गावी राहणार, त्याने जाणाऱ्याच्या परसातील वाफ्यास पाणी घालावे. आणि शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडण्याची आज्ञा (लेवीय १९:९) स्मरून खुडलेल्या भाजीची एक जुडी त्या म्हाताऱ्यांच्या दारी पोहोचवावी. उपदेशकांनी वर्गणीच्या वहीत जशी नावे मांडली आहेत तशी ही नावेही मांडावी. ह्यास वेगळा निधी लागत नाही, सभाही भरवावी लागत नाही.

बियांविषयी आळस फार आहे. दुकानातील संकरित बी पुढील पिढीत जसेच्या तसे उतरत नाही; दरसाल पैसे मोडावे लागतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्या आदिवासी शेतकरी बाईंनी गावरान बियांचा संग्रह केला, आणि २०२० साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. त्या शाळा शिकलेल्या नाहीत. मग आपणांस कोणती सबब उरते?

तरी दहा-बारा चांगली झाडे डिसेंबरानंतर खुडू नयेत. एकट्या झाडाचे बी नीट भरत नाही, कारण ह्याचा पराग वारा वाहून नेतो. म्हणून जवळपास फुलावर आलेले बीटही असू नये. ऊन वाढू लागले की दांडे वर येतात, आणि बी तपकिरी झाले म्हणजे ते कापून सावलीत वाळवावे व राखेत घालून गाडग्यात ठेवावे. हे काम पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास येते, आणि फडावरची माणसेही त्याच दिवसांत परततात. ज्याच्या घरी बी उरले नसेल त्यास त्याच आठवड्यात एक मूठ द्यावी.